तीन दुकानांपलीकडचा पत्ता

कोकेनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी महाराष्ट्रात उपचार कोठे मिळतो, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात प्रथम उच्चारला गेला, तेव्हा त्याचे उत्तर ठाऊक असलेला एकही माणूस आम्हाला माहीत नव्हता. हृदयविकाराचे तज्ज्ञ कोण, गुडघ्याची शस्त्रक्रिया कोठे चांगली होते, मोतीबिंदूचे शिबिर कोणत्या महिन्यात भरते, हे आमच्या घरातील आजीलाही तोंडपाठ आहे. या एका दुखण्याचा पत्ता मात्र कोणापाशी नव्हता. ज्याच्यासाठी हा शोध करावा लागला तो माझा पुतण्या, थोरल्या बंधूंचा मुलगा. आज त्याचे वय चौतीस आहे. हा लेख छापण्यापूर्वी त्याने वाचला आहे. त्याच्या सांगण्यावरून मी दोन वाक्ये काढली आणि एक घातले. त्याचे व पेढीचे नाव येऊ नये, एवढी एकच अट वहिनींनी घातली.

आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. वडिलांच्या काळात हरिपूरच्या पेवांत हळद साठवली जाई. आता गोदामे व शीतगृहे आली. वाशीच्या मसाला मार्केटात आमचा एक गाळा आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुतण्या पंचविसाव्या वर्षी तो गाळा सांभाळण्यास गेला. मुलगा हुशार, बोलण्यात गोड, हिशेबात पक्का. दोन वर्षांत त्याने निर्यातदारांशी संबंध जोडले. त्याच संबंधांतून मुंबईतील एका वाढदिवसाच्या मेजवानीत, पंचतारांकित हॉटेलच्या खोलीत, ही पांढरी पूड त्याच्यापुढे आली.

सप्तव्यसनांच्या त्यागाचे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर पाठशाळेतच पडतात. मद्याला आपल्या घरांत थारा नाही आणि त्याबाबत आपण सावधही असतो. मुलगा रात्री उशिरा आला तर आई दार उघडताना नकळत वास घेते. कोकेनला असा वास नाही. बाटली नाही, धूर नाही, तोल जाणे नाही. त्या मेजवानीत पुतण्याने मद्याचा पेला नाकारला होता, तेव्हा कोणीतरी त्याला म्हणाले, "मग हे घे, यात काहीच नाही." ते वाक्य त्याला आजही आठवते. आपला नियम मोडला नाही, असे त्याला त्या रात्री खरोखरच वाटले होते.

ही पूड आपल्याकडे नवी आहे, असाही एक समज आहे. कोकाची झुडपे दक्षिण अमेरिकेत कोलंबिया, पेरू व बोलिव्हिया या देशांत वाढतात. १८६० च्या सुमारास अल्बर्ट निमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या पानांतून कोकेन वेगळे काढले. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत बधिरतेसाठी ते वापरून दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांत लोक ते विड्याच्या पानातून खात असत आणि त्या वेळच्या सरकारला त्यावर निर्बंध घालावे लागले होते. आज ते आपल्याच व्यापाराच्या वाटांनी येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे ५० किलो कोकेन पकडले. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या नासपती व हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ते दडविलेले होते. ज्या बंदरातून आमची हळद बाहेर जाते, त्याच बंदरातून फळांच्या पेट्यांआडून हे आत येते, हे वाचून बंधू बराच वेळ गप्प बसले होते.

पुढे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले ते थोडक्यात असे. आनंद झाला की मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य स्रवते आणि आपले काम झाले की ते परत शोषले जाते. कोकेन हा परतीचा दरवाजा अडवते. डोपामीन साचते आणि माणसाला आपण अजिंक्य आहोत असे वाटू लागते. नाकाने ओढलेल्या पुडीचा हा उन्माद अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. मग तितकीच खोल उदासी येते आणि ती घालविण्यासाठी पुन्हा तीच पूड लागते. भूक मरते, झोप उडते, बोलणे वाढते. व्यापारी घरात यांतली बहुतेक लक्षणे गुण म्हणूनच खपून जातात. मुलगा रात्री दोनपर्यंत दूरध्वनीवर सौदे करतो म्हणजे मेहनती. जेवणाकडे लक्ष नाही म्हणजे संयमी. नवनवीन योजना मांडतो म्हणजे कर्तबगार. पर्युषणात त्याने एक वर्ष सलग उपवास केले तेव्हा नातेवाइकांनी त्याचे कौतुक केले. "त्या दिवसांत मला भूकच नव्हती, काका," असे तो नंतर मला म्हणाला. हेच ते त्याने घालावयास सांगितलेले वाक्य.

त्याचे व्यसन आमच्या दिवाणजींना हिशेबातून दिसले. वाशीच्या गाळ्यावरून येणाऱ्या रोजमेळात प्रवासखर्च वाढला, मग हमालीचे आकडे फुगले, मग दोन जुन्या ग्राहकांची वसुली जमा झालेली असूनही खात्यावर दिसेना. बंधूंनी विचारले की त्याच्यापाशी उत्तर तयार असे. पुढे त्याने यार्डातील चार-पाच पेढ्यांकडून पेढीच्या नावावर हातउसने घेतल्याचे कळले. बंधूंनी ते सगळे देणे निमूटपणे फेडले. सहा महिन्यांत पुन्हा तितकेच झाले. घरात बैठक बसली. कोणी म्हणाले, लग्न करून द्या, सुधारेल. कोणी म्हणाले, काही दिवस मामाच्या दुकानात बंगळूरला पाठवा. कोणी त्याच्याकडून शपथ घेववली. शपथ त्याने मनापासून घेतली आणि ती नऊ दिवस टिकली.

मग एका रात्री, सांगलीतच, त्याच्या छातीत जोराची कळ आली. वय अवघे एकतीस. हृदयविकाराच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, आम्हा सर्वांना बाहेर काढले आणि त्याला एकट्याला विचारले. त्याने खरे सांगितले. डॉक्टर बाहेर येऊन बंधूंना म्हणाले, "त्यांनी हे सांगितले ते फार बरे झाले. छातीत दुखणाऱ्या इतर रुग्णांना आम्ही जी औषधे देतो, त्यांतली काही यांना द्यायची नसतात." कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तरुण, निरोगी माणसालाही त्यामुळे हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. सोबत मद्य घेतले तर यकृतात त्या दोहोंपासून आणखी एक विषारी द्रव्य तयार होते आणि धोका वाढतो. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर डॉक्टरांपासून हे लपवू नये. तेथे लपविलेली गोष्ट जिवावर बेतू शकते.

त्या रात्रीनंतर घरात 'उपचार' हा शब्द आला आणि त्याच्या मागोमाग पोलिसांची भीती आली. रुग्णालयात नाव नोंदविले की गुन्हा दाखल होईल, पेढीवर छापा पडेल, वर्तमानपत्रात येईल, असे जो तो सांगू लागला. आमच्या परिचयाच्या वकिलांनी कायदा उघडून दाखविला. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कोकेनचे सेवन हा गुन्हा आहे. कलम २७ खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा, अथवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेऊ लागली, तर त्या आरोपाखालील खटल्यापासून तिला संरक्षण मिळते. कोकेनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. आणि विक्री करणाऱ्याला, मोठा साठा बाळगणाऱ्याला ते मुळीच नाही. पुतण्यावर तर कसलाही आरोप नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारात गणले आहे, शासकीय व्यवस्थेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन घातले आहे. एवढे ऐकल्यावर वहिनींनी विचारले, "मग इतके दिवस आपण कोणाला भीत होतो?" वकिलांनी चष्मा पुसला. उत्तर दिले नाही.

उपचाराचे पहिले दार आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, ही साधी गोष्ट. तेथे केस पेपर काढून रांगेत बसावे लागते, एवढ्यामुळे आमच्यासारखी घरे तिकडे फिरकत नाहीत. तेथील तरुण डॉक्टरांनी सलग पाऊण तास दिला. त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले. मद्य एकाएकी सोडले तर झटके येऊ शकतात, म्हणून त्याची सुटका औषधांच्या आधाराने करावी लागते. ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांना पर्यायी औषध आहे. कोकेनसाठी मात्र जगात कोठेही मान्यताप्राप्त असे एखादे खास औषध अजून नाही. झोपेसाठी, उदासीनतेसाठी, हृदयासाठी लागतील तशी औषधे देतात. मूळ उपचार म्हणजे समुपदेशन, दिनक्रमाची शिस्त आणि वेळ. पूड थांबल्यावर पहिले काही दिवस माणूस झोपून राहतो, खूप खातो, आणि मग एक पोकळ उदासी येते. त्या काळात आत्मघाताचे विचार येऊ शकतात. त्याला एकटे ठेवायचे नाही. आठवडे, कधी महिने, अचानक तीव्र इच्छा उफाळत राहते. "याला गोळी नाही," ते म्हणाले, "म्हणून याला माणसे लागतात."

व्यापाऱ्याला हे ऐकणे जड जाते. पैसे मोजले की उत्तम वस्तू मिळते, असा आपला अनुभव. येथे विकत घेण्याजोगी वस्तूच नव्हती.

याच सुमारास एका हितचिंतकांनी परजिल्ह्यातील एका खासगी केंद्राचे नाव सुचविले. फोन केला की रात्री गाडी येते, मुलाला घेऊन जातात, तीन महिन्यांनी 'दुरुस्त' करून परत देतात, असे ते म्हणाले. पुतण्याला पाठविण्याआधी मी आणि माझे चुलत बंधू ते पाहून आलो. शेतातली एक लांबट इमारत, खिडक्यांना जाळ्या, दाराला बाहेरून कुलूप. डॉक्टर कधी येतात, या प्रश्नाला "बोलावले की येतात" असे उत्तर मिळाले. नोंदणीचा कागद मागितला तर चालक हसले. तीन महिन्यांची रक्कम आगाऊ हवी होती आणि पहिला महिनाभर घरच्यांना भेटता येणार नव्हते. जाळीपलीकडे बसलेल्या मुलांपैकी एकही आमच्याकडे पाहत नव्हता. आम्ही पाणीही न घेता परत निघालो. कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधणे तर पूर्णपणे निषिद्ध आहे. तरीही ही ठिकाणे चालतात, कारण मुलगा रात्रीच्या अंधारात गुपचूप जावा, असे वाटणारी घरे त्यांना गिऱ्हाईक म्हणून मिळतात.

दरम्यान हातउसन्याचा प्रश्न शिल्लक होता. डॉक्टरांनी बजावले होते की हातात रोख पैसा येण्याची प्रत्येक वाट बंद झाली पाहिजे आणि त्याचे देणे घरच्यांनी फेडत राहणे थांबले पाहिजे. याचा अर्थ एकच होता. यार्डातील पेढ्यांवर जाऊन, मुलाला आमच्या नावावर पैसे देऊ नका, असे सांगायचे. बंधूंची त्या दिवसाची अवस्था मी विसरणार नाही. अडत म्हणजे शेवटी पत. शेतकरी हळद टाकून जातो तो शब्दावर, गिऱ्हाईक माल उचलते ते शब्दावर. साठ वर्षांची ती पत आपल्याच पायांनी चालत जाऊन पणाला लावायची. बंधू म्हणाले, "पेढी गेली तर पुन्हा उभी करता येईल." पुढचे वाक्य त्यांना बोलवले नाही. आम्ही दोघे निघालो.

पहिल्या दोन पेढ्यांवर ऐकून घेतले, माना हलविल्या. तिसरी पेढी आमच्यापासून तीनच दुकाने पलीकडे. तेथील वडीलधारे व्यापारी बंधूंचे बोलणे संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग त्यांनी नोकराला चहा आणण्यास बाहेर पाठविले, कागदाचा तुकडा घेतला आणि पाठ असलेला पुण्याचा एक पत्ता त्यावर लिहिला. खाली समुपदेशकांचा दूरध्वनी क्रमांकही लिहिला, तोही पाठच. सात वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा बाजारात न दिसण्याचे कारण आम्ही 'बंगळूरला कोर्स' असे ऐकले होते. तो मुलगा त्या दिवशी आतल्या बाजूस संगणकावर पावत्या करीत बसला होता. उठून आला आणि पुतण्याला भेटायला संध्याकाळी येऊ का, असे त्याने विचारले.

सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी दिलेल्या यादीत तीच संस्था होती. परंतु यादीतले नाव वेगळे आणि त्या दारातून आत जाऊन बाहेर आलेला माणूस समोर उभा राहणे वेगळे. वर्षानुवर्षे तो पत्ता आमच्यापासून तीन दुकानांवर होता. महाराष्ट्रात उपचाराची सोय किती दूर आहे, असे आज मला कोणी विचारले तर मी सांगलीहून पुण्याचे अंतर सांगत नाही. ही तीन दुकाने सांगतो.

अंतर मुळीच नाही, असे मला म्हणायचे नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात कोकेन घेणाऱ्यांची संख्या सुमारे १०.७ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१० टक्के, अफूजन्य पदार्थ घेणारे त्याच्या वीसपट. म्हणून बहुतेक केंद्रे मद्य आणि अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांसाठी उभी राहिली आहेत. त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते. आपल्या राज्यात पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. स्वयंसेवी क्षेत्रात वांद्र्याचे कृपा फाउंडेशन फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केले. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' उभारले. चांगल्या संस्था मुंबई-पुण्याकडे अधिक. लहान गावांतल्या कुटुंबाला प्रवास, राहणे आणि बुडणारा रोजगार यांचा हिशेब करावा लागतो. विम्याचाही आधार अपुरा. कायदा मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्या म्हणतो, पण बहुतेक पॉलिसींच्या अपवादांत व्यसनावरील उपचार वगळलेले असतात. आमच्याही पॉलिसीत ते होते. आम्ही खर्च करू शकलो. सर्वांना ते शक्य नाही.

पुतण्या पुण्याच्या त्या संस्थेत स्वतःच्या पायांनी गेला. दाखल होताना त्याने स्वतः सही केली, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच्या खोलीत सोलापूरकडील एक गवंडी, एक एसटी चालक आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी होता. पहिले दहा दिवस तो त्यांच्याशी फारसे बोलला नाही. आपला पदार्थ महागडा, आपली संगत वरच्या थरातली, यांच्याशी आपला काय संबंध, असे त्याला वाटे. गटाच्या बैठकीत एकदा त्याने ते बोलूनही दाखविले. तेव्हा तो गवंडी म्हणाला, "दादा, तुमची पुडी हजारांची, आमची बाटली शंभराची. पण पोरीच्या फीचे पैसे तुम्हीबी उचलले आन् मीबी." पुतण्याने बहिणीच्या मुलीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम उचलली होती. हे त्याने तोवर कोणालाही सांगितले नव्हते. त्या बैठकीत सांगितले.

परतल्यावर खरे काम सुरू झाले. समुपदेशकांनी एक पद्धत समजावली. व्यसनाने मेंदूला तात्काळ फळाची सवय लागलेली असते. म्हणून व्यसनमुक्त दिवसांनाही लहान, निश्चित आणि लगेच मिळणारे फळ असावे. आम्ही ते पेढीच्या भाषेत बसविले. ठरलेल्या दिवशी लघवीची तपासणी. कोकेनचा अंश तिच्यात साधारण दोन ते चार दिवस सापडतो, त्यामुळे आठवड्यात दोनदा. चार आठवडे स्वच्छ गेले तर गोदामाच्या किल्ल्या. आठ आठवडे गेले तर सौद्यात बोली लावण्याची मुभा. सहा महिन्यांनी पाच हजारांपर्यंतच्या धनादेशावर सही, तीही दिवाणजींच्या जोडीने. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय वर्षभर बंद. हा तक्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहिला. आपल्या मुलांना पत म्हणजे काय ते कळते, आणि ती रोजच्या रोज थोडीथोडी परत मिळविता येते हे त्याला कागदावर दिसत होते.

पाचव्या महिन्यात तो घसरला. एका मित्राच्या लग्नासाठी गोव्याला गेला होता. परतल्यावर तपासणीच्या आधीच त्याने वडिलांना सांगितले. बंधू संतापाने थरथरत होते. आम्ही डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर तुम्ही त्याला घराबाहेर काढता का? उद्या घेऊन या." तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला. त्यानंतर एकवीस महिने झाले. पुण्यात आणि मुंबईत नार्कोटिक्स अनॉनिमसच्या सभा भरतात. तेथे शुल्क नसते आणि पूर्ण नाव विचारत नाहीत. कामानिमित्त तिकडे गेला की तो त्या सभेस जातो. वाशीचा गाळा आता आम्ही दुसऱ्याकडे सोपविला आहे. तो सांगलीतच असतो.

त्याच्या लग्नाचे बोलणे दोन ठिकाणी झाले. दोन्ही वेळी त्याने मुलीला आधीच सर्व सांगितले आणि दोन्ही वेळी नकार आला. वहिनींना याचे दुःख आहे. त्याला विचारले तर तो म्हणतो की लपवून झालेल्या लग्नात त्याला पुन्हा एक गुपित सांभाळावे लागेल, आणि गुपिते सांभाळण्याचे दिवस त्याने भोगले आहेत.

हरिपूरचे पेव उघडले की हमाल लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते. झाकण काढून काही तास थांबतात, वारा खेळू देतात, दिवा सोडून पाहतात, मगच उतरतात. घरात ही गोष्ट प्रथम बोलली जाते तेव्हा असाच थोडा वेळ द्यावा. आरडाओरड, शपथा, मारहाण यांनी कोणी व्यसनमुक्त झाल्याचे मी पाहिले नाही.

ज्यांना आजच गरज आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. व्यसनमुक्तीसाठी शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. मानसिक आधारासाठी, विशेषतः पूड सोडल्यानंतरच्या उदासीत, 'टेलि-मानस'चा क्रमांक १४४१६ आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग हे पहिले दार समजावे. छातीत दुखणे, श्वास लागणे, झटका येणे, भ्रम होणे, यांपैकी काही झाले तर थेट रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते स्पष्ट सांगावे. कोणत्याही केंद्रात दाखल करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. नोंदणी दाखवता का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात? घरच्यांना केव्हा भेटता येईल? घरी आल्यानंतरच्या वर्षभरात तुम्ही काय करणार? चौथ्या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, तेथे मुलाला ठेवू नये.

आपल्या समाजाच्या धर्मादाय निधीतून हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या आजारांसाठी साहाय्य दिले जाते. त्या आजारांच्या यादीत व्यसनमुक्तीचा उपचारही लिहिला जावा, आणि अर्जदाराचे नाव समितीतील एकाच व्यक्तीपाशी राहावे, अशी सूचना बंधूंनी आमच्या गावच्या मंडळापुढे ठेवली आहे. अजून निर्णय झालेला नाही. दोन सदस्यांचा विरोध आहे. तोवर पुण्याचा तो पत्ता आमच्या पेढीच्या मेजावर, काचेखाली, हळदीच्या दरपत्रकाशेजारी ठेवलेला आहे. गेल्या वर्षभरात तिघांनी तो उतरवून नेला. त्यांतल्या एकाने, भाव पाहतो आहे असे म्हणत, मान खाली घालून लिहून घेतला. दिवाणजींनी त्याच्यापुढे पेन सरकविले आणि ते दुसरीकडे पाहत राहिले.